ङचं चित्र

बावीस वर्षं मी हाच तक्ता टांगतेय.
छबिलदास गल्लीतला, प्लॅस्टिकचा, भिजला तरी न फाटणारा.
क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गवताचा,
घ घराचा. घर कौलारू, अंगणासकट,
वाकोल्यातल्या एकाही पोरानं आत जाऊन न पाहिलेलं.
आणि पाचव्या चौकोनात ङ.
त्याला चित्र नाही.
छापणाऱ्यालाही काही सुचलं नसणार.
टीचर, हे काय? पोरं विचारतात.
मी पट्टी पुढे सरकवते.
च. चमचा.

ती जूनमध्ये आली, पहिली ब मध्ये.
दाखल्यावर लुनिंगनिंग दिमायुगा,
जन्मगाव बतांगास.
दोन दिवस मी हजेरीत तिला
एकोणतीस नंबर म्हणाले.
लाज वाटते, पण म्हणाले.
तिसऱ्या दिवशी ती बाकावरून उठली,
माझं बोट धरून
स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर ठेवलं
आणि नाव उच्चारलं.
नाक थरथरलं दोनदा.
त्यात ग कुठेच नव्हता.
तो आम्ही घातलेला.

तिच्या गावी आधी शिकवतात अ, ब, क, ड.
तिनं म्हणून दाखवली, आणि वर्ग हसला,
कारण आमच्याकडे ह्या तुकड्या.
अ मध्ये हुशार, ड मध्ये उरलेले,
त्यांच्याही पुढे एक ढ असतोच बसलेला.
तिच्याकडे ही नुसती अक्षरं होती,
ओळीत उभी,
कुणाच्या पुढे कुणी नसलेली.

पालकसभेला आई आली, तेओदोरा,
खारच्या पार्लरमधून, साडेसहाला, धावत.
हातांना नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा वास.
मुलीचे गुण विचारायच्या आधी
ती तक्त्याजवळ गेली,
सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबला,
टाचणी काढून पुन्हा नीट खोचली.
पालक असं करत नाहीत.
म्हटलं, किती वर्षं?
ती म्हणाली, नऊ. पहिलीचा वर्ग. बावन्न मुलं.
मग वादळात छप्पर गेलं, शाळेचं नाही, घरचं,
आणि बाईंच्या पगारात पत्रे बसेनात.
आता ती लोकांच्या पायांची नखं रंगवते
आणि रात्री पोरीकडून क गिरवून घेते,
स्वतः आदल्या रात्री शिकून.
खडू पदरचे आणायचात? मी विचारलं.
तिनं बोटांनी दाखवलं, दर महिन्याला दोन खोके.
मी तीन दाखवले.
मग आम्ही दोघी हसलो, बऱ्याच,
रांगेतले बाकीचे पालक घड्याळं बघत राहिले.

शिक्षकाला काय म्हणतात तुमच्याकडे?
गुरो, ती म्हणाली.
मी काही बोलले नाही.
तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले.
कुणाला जात नाही मी.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर
पाचवा चौकोन रिकामा नव्हता.
स्केचपेननं काढलेला एक दात,
दोन मुळं, वर निळी चमक.
ङिपिन, लुनिङनिङ म्हणाली,
आणि तोंड उघडून
नुकतीच पडलेली जागा दाखवली.
माझ्या ङनं शब्द कधी सुरूच झाला नव्हता.
वाङ्मयाच्या पोटात लपून बसणारा तो,
तिच्याकडे दारात उभा, सगळ्यांच्या पुढे,
बोळक्या तोंडानं.

मोठ्या बाई म्हणाल्या, तक्ता कुणी खराब केला?
मी म्हणाले, मी.
सहामाहीत नऊ जणांनी लिहिलं, ङ दाताचा.
मी बरोबरची खूण केली. नऊही वेळा.

मार्चमध्ये आईला कुवेतचं काम मिळालं.
शाळा सोडल्याचा दाखला काढताना
लाडसाहेब कळफलकावर बोट फिरवत राहिले.
हे अक्षर सापडत नाही, मॅडम. अनुस्वार देतो,
जुन्या दाखल्यावर तसंच आहे.
म्हटलं, नको. दोन ठिकाणी जागा सोडा.

छापून आला. लुनि, जागा, नि, जागा.
शाई वाळेपर्यंत मी फुंकर घालत बसले.